ठकीची पेटी

त्या वर्षी उन्हाळ्यात एक पिसाळलेलं कुत्रं भिंगारच्या छावणीत शिरलं आणि एका गोऱ्या सोल्जरच्या पोटरीला चावलं. भिंगारची माणसं बापजाद्यांपासून कुत्री चावून घेत आली होती, तेव्हा कुणाच्या कपाळाला आठी पडली नव्हती. पण सोल्जर तो सोल्जर. त्यातून लढाईचे दिवस, चव्वेचाळीस साल. लगोलग बाजारात दवंडी फिरली: रस्त्यात मोकाट दिसेल ते कुत्रं आणि दिसेल ते मांजर गाडीत घालून नेलं जाईल. कुठे नेणार ते दवंडीवाल्याने सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

सुनीतीने ती दवंडी ओसरीवर तांदूळ निवडताना ऐकली आणि सूप बाजूला ठेवून आधी परसातलं दार लावून घेतलं. ठकी आत होती. करड्या अंगाची, शेपटीचं टोक मोडलेली, दिसायला काही खास नाही, पण उंदरांचा काळ. घरात तिला आणलं होतं ते माईंनीच. माई म्हणजे सुनीतीच्या सासूबाई. रेशनवर मिळणारी ज्वारी आधीच अर्धी खडे, त्यातली निम्मी उंदरांनी खाल्ली की माणसांनी काय खायचं, असं म्हणून त्यांनीच शेजारच्या गल्लीतून पदराखाली झाकून पिल्लू आणलं. ठकी मोठी झाली आणि कोठीतली कुरकुर थांबली. सगळ्यांना ठकी आवडायला लागली. तोवर ती हगायला बाहेर जात होती.

गोष्ट सगळी तिथे आहे. ज्याला हा शब्द सोसत नसेल त्याने आपल्या घरी कोण काय उचलतं ते आधी बघून यावं.

घरात माणसं तीन. सासरे यज्ञेश्वरपंत, गावभर त्यांना अण्णा म्हणत. शाळेतून पेन्शन घेऊन बसलेले मास्तर, पूजा दोन तास, वर्तमानपत्र दोन तास. माई, दोन्ही गुडघ्यांनी हैराण. आणि सुनीती, सव्वीस वर्षांची, जिचा नवरा हेमचंद्र लष्करी हिशेबाच्या नोकरीत क्वेट्याला होता. अण्णा सुनेशी कधी थेट बोलत नसत. रीत तशी होती. ते बायकोशी बोलत, बायको घरात नसली तर भिंतीशी बोलत, आणि सुनेने ते भिंतीवरून टिपून घ्यायचं. "चहाची वेळ झाली वाटतं," असं ते कॅलेंडरला सांगत, की सुनीती चुलीकडे वळे.

दारं बंद झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माई चूल पेटवायला बसल्या. कालची राख पुढे ओढली आणि किंचाळल्या.

"अगं बाई! सुनीती! हिने चुलीत घाण केलीय!"

चुलीत नव्हती, वैलाच्या मागे गार राखेचा ढीग होता त्यात होती. आणि नीट झाकून ठेवलेली होती, एखाद्या शहाण्या माणसाने झाकावी तशी. पण चूल ती चूल. ती पुन्हा सारवली गेली, तिच्यावर गोमूत्र शिंपडलं गेलं, अण्णा भिंतीला म्हणाले, "या घरात आता स्वयंपाक व्हायचा की नाही?" आणि ठकी कोठीच्या दारात बसून पंजा चाटत राहिली.

सुनीतीला त्या ढिगाकडे पाहून एक गोष्ट समजली. मांजराला भुसभुशीत काहीतरी पायाखाली हवं, उकरायला आणि झाकायला. अंगणात माती होती, ती बंद झाली. परसात सगळी शहाबादी फरशी. तेव्हा माती घरात आणली पाहिजे, इतकं सरळ.

तिने पहिल्यांदा रॉकेलचा डबा आडवा कापून घेतला. पत्र्याला धार, शिवाय ठकीने पाय टाकला की तो खणखण वाजे. एकदा वाजला, ठकी उडी मारून माळ्यावर गेली आणि त्या डब्याकडे पुन्हा फिरकली नाही. मग आंब्याची जुनी करंडी घेतली. तिच्या फटींतून सगळं खाली. मग सुनीतीने पदर खोचला आणि चांदभाईच्या वखारीत गेली. चांदभाई छावणीत निघालेलं मोडकं-तोडकं सामान घेऊन विकायचा. खोकी, पिंपं, तुटक्या खाटा.

"काडतुसांचं खोकं आहे वहिनी, देवदारी लाकूड, पिढ्यान् पिढ्या टिकेल," तो म्हणाला. "काय ठेवणार त्यात? पापड?"

"मांजराचा संडास करायचाय."

चांदभाईने तिच्याकडे बघितलं, मग खोक्याकडे बघितलं. "या अल्ला! जर्मनांना मारायच्या गोळ्या होत्या त्यात."

"मग काय, आता कुणाला तरी उपयोग होईल."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने झाकण काढून टाकलं आणि एका बाजूचा काठ करवतीने निम्मा उतरवून दिला, मांजराला पाय सहज टाकता यावा म्हणून. पसरट, जड, वाजत नाही, हलत नाही. सुनीतीने ते कमरेवर घेतलं आणि भर बाजारातून घरी आणलं. तेव्हा कुणी काही बोललं नाही, कारण ते तेव्हा नुसतं खोकं होतं.

आत काय भरायचं यावरून पुढे दिवस गेले. नुसती राख घातली तर ठकी खूश, पण तिच्या पायांना लागून राख घरभर. एका सकाळी पांढऱ्या पावलांची ओळ स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून थेट देवघरात गेलेली निघाली, आणि बाळकृष्णाच्या मखरापुढे दोनदा गोल फिरून परत आलेली. अण्णा त्या दिवशी भिंतीशी सुद्धा बोलले नाहीत. लाकडाचा भुसा आणला तर ठकीने नाक वर केलं. शेवटी नाल्याकाठची बारीक वाळू चाळून आणली, खाली राखेचा थर, वर वाळू. राख ओल शोषून घेई, वाळू पायाला चिकटत नसे. पेटी आधी मोरीशेजारी ठेवली होती. तिथे पाण्याचे शिंतोडे, येणंजाणं, तांब्यांचा आवाज. ठकी अवघडून उभी राही आणि निघून जाई. म्हणून जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत नेली. तिथे अंधार, शांतता, कुणाचा पाय नाही. तिच्या दुधाची वाटी मात्र लांब, कोठीशी. आपण तरी जेवायला कुठे बसतो?

आणि उचलायला माईंचा जुना लोखंडी झारा, बुंदी पाडायचा, दांडा मोडलेला. वाळू भोकांतून खाली गळे आणि जे उचलायचं ते वर राही. सुनीतीला तो माळ्यावर सापडला तेव्हा तिला एकटीलाच हसू आलं. लग्नात त्याच झाऱ्याने तिच्यासाठी बुंदी पाडली होती.

पण मध्येच अण्णांनी एक घोटाळा केला. छावणीशेजारी राहून भिंगारच्या सगळ्या शिकलेल्या लोकांना एक खूळ लागलं होतं, फिनेलचं. सोल्जरांच्या बराकीत फिनेल, दवाखान्यात फिनेल, साहेबांच्या नहाणीघरात फिनेल. ज्याला फिनेलचा वास ते स्वच्छ, बाकी सगळं घाण. अण्णांनी ओळखीच्या कुणाकडून बाटली मिळवली आणि माईंना म्हणाले, "तिला सांगा, त्या खोक्यात हे ओतायला. निदान वास तरी जाईल." सुनीतीने ओतलं. वास गेला, ठकीही गेली. तो वास नाकात शिरला तशी ती जिन्याखालून बाणासारखी बाहेर पडली आणि तिने आपली सोय अण्णांच्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर केली. लढाईच्या बातम्या सगळ्या भिजल्या.

मग सुनीतीने पेटी कढत पाण्याने आणि शिकेकाईने घासली, परसात उन्हात वाळवली, वास पार गेला तेव्हा पुन्हा वाळू भरली. ठकी आली, हुंगलं, आत गेली.

इथवर घराला चालत होतं, कारण पेटीतलं कोण उचलतं ते कुणी विचारलं नव्हतं. पुढे अडलं.

झुंबरबाई रोज सकाळी मागच्या बोळातून येऊन संडासाची टोपली उचलून नेई. काळीसावळी, ताठ, तोंडाने फटकळ बाई. माई खिडकीत उभ्या राहून लांबून सांगत, ती खालून ऐके. त्या दिवशी माई म्हणाल्या, "झुंबर, आजपासून मांजराचं खोकं पण आहे गं. ते पण ने."

"कसलं खोकं?"

"मांजराची घाण आहे वाळूतली."

झुंबरबाईने टोपली खाली ठेवली. "माझं काम मान्साच्या संडासाचं हाय माई. मांजर माज्या कामात न्हाई."

"अगं, तेवढ्याने काय होतंय?"

"तेवढ्यानं काय होत न्हाई, तर तुमीच उचला की."

माईंचा चेहरा उतरला. "जीभ फार चालते तुझी. तक्रार करीन."

"करा. लिवून द्या सायबाला, बामनाच्या घरात मांजर हगलं आन् झुंबरीनं उचललं न्हाई. सायेब वाचून दावील मडमेला, दोगं बी हसतील." टोपली डोक्यावर चढवून ती निघाली. जाता जाता म्हणाली, "मांजर हौसंनं पाळलं ना? मग हौस निस्तरायची."

खिडकी आपटून बंद झाली. आत सुनीती उभी होती. तिला झुंबरबाईचा राग आला नाही. बाई खरं बोलली होती. खरं बोलणाऱ्याचा राग येतो तो ज्याला उत्तर नसतं त्याला.

पेटी तशीच राहिली. घरातल्या कुणी हात लावायचा नाही, असं अण्णांनी भिंतीला सांगितलं. दोन दिवसांत पेटी भरली आणि ठकीने ती सोडली. मांजराची जात माणसासारखी नाही, घाणीत पुन्हा पाय टाकत नाही. तिने माईंच्या घडीच्या धाबळीवर जागा शोधली.

"झालं एवढं पुरे," अण्णा म्हणाले. "उद्या गाडीवाल्याला बोलावतो. देऊन टाकू."

"उंदीर?" माई पुटपुटल्या.

"उंदीर परवडले. घरात हे असलं कोण काढत बसणार? आपल्या घरात ते काम कुणी करायचं नाही."

सुनीती उठली. जिन्याखाली गेली. तिने झारा घेतला आणि पेटीतलं सगळं फुटक्या बादलीत काढलं. सगळं दार उघडं ठेवून, त्यांना दिसेल असं. वाळू सारखी केली, वर नवी मूठभर पसरली. हात धुतले आणि स्वयंपाकघराकडे निघाली, दुपारच्या भाकऱ्या व्हायच्या होत्या.

"थांब!" माई दारात आडव्या झाल्या. "आत पाऊल टाकू नकोस. डोक्यावरून आंघोळ कर, पंचगव्य घे, आणि पुन्हा हे करणार नाही म्हण. मग ये."

"आंघोळ सकाळी झाली माई. हात धुतलेत."

"हात धुऊन जातं होय ते?"

"रोज पहाटे शेणात कोपरापर्यंत हात घालून मी हीच जमीन सारवते. तेव्हा तुम्ही मला आंघोळीला पाठवत नाही."

"ती गाय आहे!"

"आणि ही मांजर आहे. तिचं पोट आणि हिचं पोट, देवानेच केलंय ना दोन्ही?"

"हेमूला कळवते मी!"

"कळवा. त्यांना सांगा, सुनीतीने वाळू उचलली. तिकडे लढाईचे हिशेब लिहून कंटाळले असतील, त्यांना जरा करमणूक होईल."

ती आंघोळीला गेली नाही. पंचगव्य घेतलं नाही. शब्द तर दिलाच नाही. मग तिला घरच्या घरात बाहेर बसवलं. ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडं, वेगळं ताट, वेगळा तांब्या, वरून वाढलेलं जेवण. महिन्याचे चार दिवस बायका बसतात तशी, फक्त याला शेवट नव्हता. कबूल कर आणि आत ये. सुनीती सकाळी उठे, जिन्याखाली जाऊन झाऱ्याने पेटी साफ करी, हात धुई आणि कोपऱ्यात येऊन अण्णांची जुनी वर्तमानपत्रं वाचत बसे. लग्नानंतर इतकी फुरसत तिला कधी मिळाली नव्हती. आत माई गुडघे धरून चुलीपुढे उठत-बसत होत्या, त्यांचं कण्हणं ओसरीपर्यंत ऐकू येई. सुनीतीला त्यांची कीव येई. पण कीव आली म्हणून खोटं कबूल करायचं? ठकीचा जीव त्या एका शब्दावर होता. सुनीती नमली की पेटी बंद, पेटी बंद की ठकी गाडीत. आणि ठकी गेली की उरलेल्या जन्मात त्या घरात सुनीतीचा कुठलाच 'नाही' कुणी ऐकणार नव्हतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ओसरीच्या कोपऱ्यात बसलं की आपोआप कळतं.

अण्णांनी वाट पाहिली, पण सून वाकेना. मग एका सकाळी त्यांनी खरंच निरोप धाडला. आणि तिथे त्यांची चूक झाली. निरोप धाडला आणि स्वतः आंघोळ करून, मुकटा नेसून पूजेला बसले. मोकाट जनावरं धरणारा गहिनीनाथ त्यांना वाटलं त्यापेक्षा लवकर आला. बाहेर गाडी थांबली, आत कुत्री रडत होती. त्याने ओसरीखाली उभं राहून हाक दिली, "अण्णा, मांजर द्यायचं म्हनं. आना."

अण्णा घंटा ठेवून उठले, सोवळ्यातच माजघरात आले. तोवर सुनीती कोपऱ्यातून उठून जिन्याखालच्या खोलीशी पोचली होती. ठकी आत होती, पोत्यांच्या मागे, डोळे दोन दिवे. सुनीतीने पेटी उचलली. रात्रीची, अजून साफ न केलेली. ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि दारात उभी राहिली. दार पुरतं भरलं.

अण्णा थांबले. त्यांच्या आणि तिच्या मध्ये चार हात अंतर आणि ती पेटी.

"तिला सांगा बाजूला व्हायला," अण्णा म्हणाले.

माई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. "सुनीती, बाजूला हो."

"नाही."

"अण्णा," बाहेरून गहिनीनाथ ओरडला, "खोळंबा हुतोय. मी येऊ का आत? धरतो की मीच, चटकन."

"नाही नाही! आत नाही!" अण्णा दोन्ही हात वर करून म्हणाले. "तिथेच थांब! उंबऱ्याच्या आत नाही!"

"मग तुमी आना."

आता बघा कसं झालं. गहिनीनाथ आत येऊ शकत नव्हता, कारण त्याच्याने घर विटाळणार. अण्णा पुढे जाऊ शकत नव्हते, कारण पेटीने मुकटा विटाळणार. आणि पेटी नसती तरी सासऱ्याने सुनेला हात धरून बाजूला करायचं ही गोष्ट त्या घरात झाली नव्हती. माईंचे गुडघे वाकत नव्हते, आणि वाकले असते तरी त्यांचाही स्वयंपाक सोवळ्यातला. इतक्या वर्षांत त्यांनी एक एक करून सगळ्या बाजूंनी कुंपण घातलं होतं, आणि आज मांजर त्या कुंपणाच्या आत होतं आणि ते दोघं बाहेर.

"या ना अण्णा," सुनीती म्हणाली. "एकदा धरा पेटी. जड नाही. तुम्ही धरलीत तर मी बाजूला होते."

आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्याकडे बघून बोलले. "तुला लाज नाही? ब्राह्मणाची सून आहेस!"

"मागच्या पावसाळ्यात तुम्हाला हगवण लागली होती. महिनाभर अंथरुणावर होता. भांडं कोण उचलत होतं?"

बाहेर गाडीत एक कुत्रं भुंकत होतं.

"मी उचलत होते. दिवसातून किती वेळा ते मी मोजलं नाही. ते धुऊन, हात धुऊन, मी त्याच चुलीवर तुमच्यासाठी भाताची पेज करत होते. ती तुम्ही प्यायलात. तेव्हा मला कुणी ओसरीवर बसवलं नाही. तेव्हा माझे हात सोवळे होते. आज कसे बिघडले?"

"ते... आजारपण होतं," माई म्हणाल्या.

"हो. आणि हे मांजर आहे. त्याला घरात मीच कोंडलंय, तेव्हा त्याचं मीच उचलणार. आज दिलंत तर उद्या दुसरं आणीन, त्याचंही उचलीन. हाकलायचं असेल तर मला हाकला, पेटीसकट. पण मग गाडी मोठी बोलवा."

गहिनीनाथला बाहेर सगळं ऐकू गेलं होतं. तो गाडीवर चढला आणि म्हणाला, "अण्णा, तुमचं घरातलं आदी मिटवा. मग बोलवा मला." बैल हाकल्याचा आवाज आला, चाकं वाजली, रडणारी कुत्री लांब गेली.

मागच्या बोळातून कुणीतरी मोठ्याने हसलं. झुंबरबाई खिडकीखाली उभी होती, टोपली कमरेला.

सुनीती पेटी तशीच घेऊन परसात आली आणि तिने बोळाचं दार उघडलं. झुंबरबाई हसायची थांबली. पण नजर खाली घातली नाही.

"लई शूर झाला वैनी," ती म्हणाली. "एका मांजरीसाटी दारात हुब्या राहिला. चांगलं केलं. पन फुशारकी नगा मारू. मी सारी गल्ली डोक्यावर घेऊन जाते, माझ्या मायनं नेली, तिच्या मायनं नेली. आमच्यासाटी कंचं दार आडवलं कुनी?"

सुनीतीने अण्णांना निरुत्तर केलं होतं आणि आता ती स्वतः तशीच उभी होती. फार दिवस ती स्वतःला शहाणी समजत होती. खिडकीतून लांबून सांगणाऱ्या माई आणि खिडकीमागे उभी राहून ऐकणारी ती, यात झुंबरबाईला काय फरक दिसत असेल?

"कुणी नाही," ती शेवटी म्हणाली. "मीसुद्धा नाही."

झुंबरबाईने मान हलवली, जणू हिशेब जुळला.

"हे कुठे टाकतात?" सुनीतीने विचारलं. तिने आत जाऊन ती फुटकी बादली आणली, साठलेली वाळू पेटीत रिती केली. पेटी आता खरंच जड झाली.

"नाल्यापल्याड. उकिरड्यावर. का?"

"मला दाखवा. आमचं आम्ही टाकू."

"बोळानं चला मग. कुनी बघनार न्हाई."

"बाजारातून गेलं तर लवकर पोचतो ना?"

झुंबरबाईने तिच्याकडे निरखून बघितलं. "आमाला बाजारातून जायला मनाई हाय."

"मला कुठे कुणी मनाई केलीय? अजून कुणाला सुचलीच नसेल. आणि माझ्याबरोबर तुम्ही आहात म्हणून कुणी अडवलं तर मी उत्तर देईन."

"तुमी देनार. मार मला बसंल."

सुनीती थांबली. हे तिला सुचलं नव्हतं. बसून वाचलेल्या वर्तमानपत्रांतही हे नव्हतं. "खरं आहे," ती म्हणाली. "मग बोळाने जाऊ. येताना मी बाजारातून येईन, पेटी घेऊन."

झुंबरबाईने टोपली डोक्यावर चढवली. चार पावलं चालली, मग वळून म्हणाली, "जरा लांबून चाला वैनी. पाटीचा वास येतो."

"माझ्या पेटीचाही येतोय," सुनीती म्हणाली आणि तिच्या शेजारी आली. बोळ अरुंद होता, दोघींची कोपरं एकमेकींना घासत होती. झुंबरबाईने दोनदा अंग चोरलं. तिसऱ्यांदा चोरलं नाही.

येताना सुनीती ठरल्याप्रमाणे भर बाजारातून आली, नाल्याची ताजी वाळू भरलेली पेटी कमरेवर. चांदभाईने वखारीतून हाक मारली, "काय वहिनी, तोफखाना चाललाय कसा?"

"गोळे संपले, नवे भरलेत!" तिने ओरडून सांगितलं. पानवाल्यापाशी उभी असलेली अण्णांच्या शाळेतली दोन जुनी मास्तरमंडळी वळून बघत राहिली. अर्ध्या भिंगारला ठाऊक झालं होतं, उरलेल्याला संध्याकाळपर्यंत होणार होतं. लोक काय म्हणतील हीच अण्णांची सगळ्यात मोठी भिंत होती. आता लोक म्हणून मोकळे झाले होते.

घरी आली तर मोरीत बंब पेटवलेला, बादलीभर कढत पाणी काढून ठेवलेलं. माई शेजारी भिंत धरून उभ्या होत्या. "आंघोळीला काढलंय," त्या म्हणाल्या.

"तांब्याभर पुरे, हातांना." सुनीतीने पेटी जिन्याखाली ठेवली. हात राखेने घासले, मग शिकेकाईने, मग कोपरापर्यंत धुतले. उरलेल्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून तिने माईंच्या हातात दिलं. "गुडघ्यांना शेका."

मग ती स्वयंपाकघराकडे वळली. माई फडकं घेऊन दाराशी आल्या होत्या, एक हात चौकटीला आडवा. त्यांनी तो काढला नाही. सुनीती त्या हाताखालून वाकून आत गेली.

परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं. भाकरीवर थापा पडू लागल्या तसा अण्णांच्या खडावांचा आवाज माजघरात आला, थांबला, आणि बाहेर गेला. ते त्या दिवशी बाजारातल्या खानावळीत जेवले. तिथे कोण रांधतं, ते अण्णांनी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तिथेच गेले. जायचे तर जाऊ देत. पाय त्यांचे होते.

माई मात्र पहिली भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा आत आल्या आणि पाट ओढून बसल्या.

"पंचगव्य नाही घेतलंस," त्या ताटाकडे बघत म्हणाल्या.

"नाही. घेणार नाही."

"उद्या पण करशील ते?"

"रोज करीन."

माईंनी भाकरीचा तुकडा मोडला. बराच वेळ तो हातातच होता. मग तोंडात घातला, चावला, गिळला, आणि डाव्या हाताने चुलीकडे बोट दाखवलं.

"खालच्या थराला ही राख घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "निखारा आहे अजून. तिचे पाय भाजतील."